अंगावरचा टाका

पांढरं, चार भोकांचं, कडेला किंचित पिवळट पडलेलं... तळहातावर वजन म्हणून लागत नव्हतं, आणि मूठ मिटली की आहे की नाही तेही कळत नव्हतं, म्हणून तुंगाबाईंनी मूठ पुन्हा उघडून बघितली. होतं. भोकांत अजून दोरा होता आणि मागे नखाएवढं कापड चिकटून राहिलं होतं, फिक्या निळ्या रेघांचं. बाकीचा शर्ट हॉस्पिटलातल्या माणसांनी गळ्यापासून खालपर्यंत कात्रीने कापला होता, बाही खांद्यातून सुटली होती, खिसा लोंबत होता – आणि हे बटण मात्र जिथल्या तिथे, घट्ट. काज-बटणात आमच्या सुनेचा हात कुणी धरणार नाही, असं सासरे चारचौघांत सांगायचे. खरंच होतं म्हणायचं ते.

स्वयंपाकघरात इडलीचं भांडं वाफ सोडत होतं. आतल्या खोलीत सुनेची, मेघाश्रीची, कपाटाशी उघडझाप चालली होती, कारण आज तिच्या नव्या नोकरीचा पहिला दिवस, तोही मारतहळ्ळीला, म्हणजे सुमंत जिकडे जायचा तिकडेच. डोक्यावरून हवाई दलाचं विमान गेलं, खिडकीची काच थरथरली. तुंगाबाईंनी बटण मशीनच्या खणात, बॉबिनांच्या मागे सरकवलं आणि खण लावून घेतला. सुमंत जाऊन वर्ष होत आलं तरी रोज सकाळी हे बटण एकदा बघितल्याशिवाय त्यांच्याने चुलीपाशी जाववत नसे. देवाआधी ते.

एकुलता एक मुलगा. ऑफिसात, खुर्चीत बसल्या बसल्या मान टाकली त्याने. आजार नाही, व्यसन नाही, सर्दी-पडशाला म्हणून कधी रजा नाही. डॉक्टरांनी नंतर सगळं तपासलं, आणि त्यांच्यातला एक तरुण, चेहऱ्याने भला, बाकावर त्यांच्याशेजारी येऊन बसला आणि कानडीत म्हणाला, कारण सापडलं नाही, अम्मा, कधी कधी सापडतच नाही. सापडत नाही म्हणजे काय रे बाबा... किल्ली आहे का ती, की चष्मा? धडधाकट माणूस सकाळी घरातून चालत जातो आणि तुम्हाला कारण सापडत नाही? मग आले समजूत घालणारे. कुणी म्हणालं देवाची इच्छा, कुणी म्हणालं त्याचं इथलं काम संपलं होतं, समोरच्या अपार्टमेंटातली योगावाली बाई हात हातात घेऊन म्हणाली की प्रत्येक गोष्ट कशासाठी तरीच घडत असते, मांजी, आपल्याला उशिरा कळतं. तुंगाबाई सगळ्यांना मान डोलवत गेल्या. मेल्यांनो, मला तुमचं काही नको, मला ठाऊक आहे.

कारण त्यांना कारण ठाऊक होतं. शिंप्याच्या घरात मुलगी सुई धरायला लागली की पहिली गोष्ट तिला शिकवतात ती ही, की अंगावरचा कपडा अंगावर शिवायचा नाही. अंगावर शिवतात ते मढ्याचं. अगदीच अडलं तर ज्याच्या अंगावर टाका घालायचा त्याने दातांत काडी धरायची, आणि मग चालतं. का चालतं ते आईने सांगितलं नाही, आईला तिच्या आईने सांगितलं नाही. लहानपणी सुमंतच्या शाळेच्या शर्टाचं बटण रोज एक तुटायचं, आणि तुंगाबाई केरसुणीचा हीर मोडून त्याच्या दातांत द्यायच्या, की हा जबडा हलवत, डोळे अर्धवट मिटून, गाय व्हायचा. हंबरायचा. हलू नकोस रे, टोचेल. त्यांच्या सगळ्या आयुष्यात तो हीर द्यायला त्या एकदाच विसरल्या.

विसरल्याही नाहीत खरं तर. तो दारात उभा, खांद्याला बॅग, कानाला फोन, कुणाशी तरी इंग्रजीत बोलत होता, आणि छातीवरचं बटण दोऱ्याला लोंबत होतं. बोलणाऱ्याच्या तोंडात काडी कशी द्यायची? त्याने डोळ्यांनीच विनवलं – लवकर, आई – आणि त्यांनी सुई घातली. बोलताना त्याची छाती आतून गुणगुणल्यासारखी त्यांच्या बोटांना लागत होती, आणि शेवटी दोरा तोडायला कात्री हाताशी नव्हती म्हणून त्यांनी तो दातांनी तोडला, तेव्हा त्यांचं नाक त्याच्या शर्टाला टेकलं होतं. साबणाचा वास. त्याने मोकळ्या हाताने त्यांच्या डोक्यावर टपली मारली आणि गेला. इतक्या जवळून मी त्याला पुन्हा कधी... नाहीच.

ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. नवऱ्यालाही नाही. गुंडूराव सकाळी दुकानात जात, दुपारी जेवायला येत, पुन्हा जात. विचारलं, का झालं हो असं, तर म्हणत, झालं. तुंगाबाईंना त्यांचा रागही यायचा आणि कीवही यायची, की या माणसाकडे धरायला काहीच नाही, नुसता पाय मारतोय मशीनवर. माझ्याकडे निदान आहे. मी टाका घातला आणि माझा मुलगा गेला – यात निदान हिशोब लागतो, जगाला काही नियम आहे असं म्हणता येतं, क्रूर का असेना. आणि नियम नसेल, तर मग ही इडली कशाला, ही रांगोळी कशाला, कोण कुणाचा नि कशासाठी एवढं सगळं... इथवर आलं की त्या उठून खण उघडायच्या.

"अत्त्या," मेघाश्री इडलीचा तुकडा चटणीत नुसताच फिरवत होती. नवा कुर्ता तिला चांगला दिसत होता. गुंडूरावांनी मुद्दाम आजच्यासाठी शिवला होता. "एक सांगू? आज सांगितलं नाही तर तिकडे जाऊन बसवणार नाही मला."

"सांग की."

"त्या दिवशी सकाळी ते मला म्हणाले होते. छातीत कसंतरी होतंय म्हणून. मी म्हटलं, रात्री तळलेले बोंडे खाल्लेत ना, पित्त असेल. जिऱ्याचं पाणी दिलं करून. प्याले आणि गेले." तिने ताट बाजूला सारलं. "मी नुसतं म्हटलं असतं ना, चला स्वल्प, जरा डॉक्टरला दाखवू या..."

मेघाश्रीला वाटलं असेल, आता अत्त्या एक तर ओरडतील नाही तर जवळ घेतील. तुंगाबाईंच्या मनात जे उठलं ते दोन्ही नव्हतं, आणि ते ओळखायला त्यांना क्षणभर वेळ लागला – आपल्या पितळेच्या डब्यावर दुसऱ्या बाईने आपलं नाव घातलेलं दिसावं तसं. माझं होतं ते. वर्षभर मी ते पोटाशी धरून जगले आणि ही पोर दावणगेरेहून येऊन म्हणते, नाही, माझ्यामुळे. आणि पुन्हा तिचं म्हणणं पटण्यासारखं. डॉक्टरलासुद्धा पटलं असतं. मग माझं बटण?

"पित्तच असेल गं," त्या म्हणाल्या. आवाज कोरडा निघाला. पण मेघाश्रीने त्याचा अर्थ क्षमा असा घेतला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून ती रडली, आणि तुंगाबाईंचा हात तिच्या पाठीवरून फिरत राहिला, सवयीने. तोंड धुऊन ती परत आली आणि आरशापुढे मान वळवून म्हणाली, "अय्यो, हे बघा ना."

कुर्त्याच्या मागच्या गळ्याशी एकच बटण होतं, कापडाने मढवलेलं, आणि त्यासमोर दुसऱ्या कडेला दोऱ्याचा फास. बटण निसटून पाठीवर लोंबत होतं. गळा बेताचा, बटण उघडल्याशिवाय कुर्ता डोक्यातून निघायचा नाही, आणि लावल्याशिवाय पाठ उघडी.

"काढ, लावून देते."

"कुठे काढू, अत्त्या? ओढणीला पिना लावल्यात, कॅब येऊन उभी आहे." फोन वाजला. कॅबवाला ओरडून विचारत होता, मॅडम, बर्तीरा, येताय ना? "दोन मिनिट, बंदे, आलेच," ती म्हणाली आणि पाठ करून उभी राहिली. केस तिने स्वतःच हाताने वर धरले. "असंच घाला ना. मी हलत नाही."

तुंगाबाईंनी सुईत दोरा ओवला. मग सुई पदराला टोचून त्या आत गेल्या. केरसुणी घरात राहिली नव्हती, प्लॅस्टिकचा झाडू आला होता, म्हणून त्या देवघरापाशी गेल्या आणि विझलेल्या उदबत्तीची काडी त्यांनी उचलली. राख झाडली. काडी हातात घेऊन परत यायला त्यांना दहा-बारा पावलं, पण त्या तिथेच उभ्या राहिल्या. काडी दिली तर काय, काही होणार नाही, आणि काही झालं नाही तर ते काडीमुळे, म्हणजे मला काही कळणारच नाही. आणि नाही दिली तर... एकदाचं कळेल. संध्याकाळपर्यंत कळेल की तो माझ्यामुळे गेला की असाच, वाऱ्यावर गेला. कुणी मला सांगत नाही, देव सांगत नाही, डॉक्टर सांगत नाही. बाहेर हॉर्न वाजला.

तुंगाबाईंनी काडी उदबत्तीच्या घरात परत खोचली. हाताची चूक म्हणता येणार नाही, डोकं ठिकाणावर नव्हतं असंही म्हणता येणार नाही. समजून उमजून खोचली. मग त्या बाहेर आल्या आणि सुनेच्या मानेशी वाकून त्यांनी भराभर टाके घातले – एक, दोन, गाठ – आणि दोरा दातांनी तोडला. मेघाश्रीच्या मानेवर पावडरीचा वास होता आणि बारीक लव होती. "सरी, येते," ती म्हणाली, वाकून त्यांच्या पायांना हात लावला, आणि गेलीसुद्धा.

गेट लागल्याचा आवाज झाला. काय केलंस, बये? कुणाच्या पोरीवर काय करून बघितलंस? तिची आई दावणगेरेहून तिला न्यायला आली होती तेव्हा ही पोर म्हणाली होती, मी गेले तर या दोघांना इडली कोण वाढेल. हसत म्हणाली होती. तुंगाबाईंनी फोन उचलला, ठेवला. काय सांगायचं? उतर गाडीतून आणि काडी चाव?

मग संदेश आला. पोचले. एवढंच, आणि पुढे हात जोडलेले. तुंगाबाईंनी सुस्कारा टाकला आणि त्या सुस्काऱ्याच्या तळाशी, अगदी तळाशी, त्यांना काही तरी वेगळं लागलं, म्हणून त्या दचकल्या. ती निराशा होती. बोटभरच, पण होती. पोचली... म्हणजे मग काही नाही का? मन इतकं नीच असू शकतं हे त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आणि लगेच दुसरं आठवलं, की त्या दिवशी सुमंतचाही असाच संदेश आला होता. पोचलो. म्हणजे यावरून काहीच ठरत नाही. या विचाराने बरं वाटावं की भीती वाटावी तेही त्यांना ठरवता येईना, आणि त्या पंख्याखाली भिंतीला टेकून बसून राहिल्या, भाजी चिरायची तशीच.

दुपारी गुंडूराव जेवायला आले. हात धुतले, पाटावर बसले. सांबारात मीठ नव्हतं, ते त्यांनी वरून घेतलं.

"मी मेघाच्या अंगावर टाका घातला," तुंगाबाई म्हणाल्या.

त्यांचा घास ताटातच राहिला. हा माणूस कधी गिऱ्हाइकाच्या अंगावरचा लोंबता दोरासुद्धा तसाच तोडत नसे, आधी शर्ट काढायला लावी.

"काडी दिलीस ना?"

"नाही."

"विसरलीस?"

"नाही."

गुंडूरावांनी त्यांच्याकडे बघितलं, मग खाली ताटाकडे. बाहेर कुणी तरी स्कूटर चालू करत होतं, ती होत नव्हती. ते म्हणाले, "सुमंतलाही दिली नव्हतीस तू."

तुंगाबाईंनी हातातला डाव खाली ठेवला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? शर्ट हॉस्पिटलातून मीच नाही का आणला. त्या सकाळी त्याने घातला तेव्हा बटण कंपनीचं शिवलेलं होतं, मशीनचं. हे तुझ्या हातचं. त्याने मध्ये शर्ट काढला कधी नि घातला कधी?"

"मग वर्षभर गप्प का बसलात हो? शिव्या द्यायच्या होत्या. बडवायचं होतं मला."

"कशाला ते." त्यांनी भात कालवायला घेतला, पण बोटं नुसतीच फिरत होती. "तुला रोज खण उघडताना बघतो मी. म्हटलं, असू दे तिच्याकडे. धरून बसली आहे, तर बसू दे." मग खूप खाली, ताटालाच सांगितल्यासारखं, "मला तेवढंही नाही सापडलं कुठे, तुंगे. दुकानात बसून रोज शोधतो. कधी पोराला उगाच मारलं होतं का, कुणाचं कापड खाल्लं होतं का... काही सापडत नाही." आणि त्यांचं तोंड वाकडं झालं. जळत्या चितेपाशी न रडलेला माणूस भाताच्या हाताने डोळे पुसायला गेला, म्हणून तुंगाबाईंनी त्यांचं मनगट धरलं आणि पदराने त्यांचे डोळे पुसले.

ते गेल्यावर त्यांनी खण उघडला. बटण घेतलं. पण आता ते तसं वाटेना. कुणाला ठाऊक नव्हतं तोवर ते कारण होतं, आता दुसऱ्याच्या डोळ्यांखालून गेल्यावर ते एक बटण राहिलं होतं, चार भोकांचं. त्या भोकांतल्या दोऱ्यावरून बोट फिरवत बसल्या असताना बोटालाच काही तरी आठवलं. सकाळी दुसऱ्यांदा सुई घालताना ती जरा अडली होती. कापड इतकं जाड नव्हतं... अडली कशाला? आणि मग त्यांना स्वच्छ दिसलं. सुई फासातूनही गेली होती. घाईत त्यांनी बटण फासासकट शिवून टाकलं होतं. आठ वर्षांची पोर करणार नाही ती चूक, आणि ती केली कुणी, तर जिचा हात धरणारं कुणी नाही तिने. मेघाश्रीचा गळा आता उघडणार नव्हता. टाका कापल्याशिवाय तो कुर्ता तिच्या अंगातून निघणार नव्हता.

टाका कापल्याशिवाय... आणि तो निळ्या रेघांचा शर्ट डोळ्यांपुढे आला, गळ्यापासून खालपर्यंत. कात्री चालवणाऱ्याचा हात कसा असेल? घाईचा असेल. त्याला काय ठाऊक शर्ट कुणाचा.

दिवेलागणीला मेघाश्रीचा फोन आला, निघाले, हेब्बाळला ट्रॅफिक आहे, उशीर होईल. त्यानंतर फोन लागेना. लागला तरी कुणी उचलेना. तुंगाबाईंनी खणातून छोटी कात्री घेतली, धाग्याची, आणि त्या गेटपाशी जाऊन उभ्या राहिल्या. रस्त्यावर दिवे लागले होते. गाड्या कोपऱ्यावरून वळायच्या, पुढे निघून जायच्या. प्रत्येक वळणाऱ्या गाडीला त्या स्वतःला चाचपून बघत, ती सकाळची बोटभर निराशा अजून आहे का तळाशी. असेलही. त्यांनी तिच्याकडे पाठ केली. देवाला काही म्हणायची सवय गेली होती, तरी ओठ हलत होते. तो उगीच गेला असेल तर उगीच गेला. मी काही केलंच नसेल. मग मी कशाला उठते सकाळी ते मला कळायचं नाही, कधीच कळायचं नाही, नको कळू दे. सगळं घे, ते बटणसुद्धा घे. ही येऊ दे.

गुंडूराव दुकान बंद करून आले. एवढ्या लवकर ते कधी येत नसत. ते पायरीवर बसले आणि मग त्यांचं लक्ष गेलं.

"कात्री कशाला?"

"फासासकट शिवलंय मी. माझ्याशिवाय तिला निघायचं नाही ते."

गुंडूराव थोडे सरकले, पायरीवर जागा केली. तुंगाबाई बसल्या नाहीत. कोपऱ्यावर एक गाडी वळली, तिचे दिवे भिंतीवरून फिरून त्यांच्या डोळ्यांवर आले, आणि पुढचं काही दिसेना. गाडी पांढरी की काळी, हळू होते आहे की तशीच जाते आहे. त्यांनी बोटं कात्रीच्या कड्यांत घातली. या खेपेला ती दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नव्हती.